फळ्याला घातलेलं गाऱ्हाणं

माझ्या दोन्ही लबाडांनो,

गेल्या रविवारी तुम्ही कॅमेऱ्यासमोर जमिनीवर आडवे पडून मला गुडघ्याचे व्यायाम करून दाखवलेत. एक जण पाय वर उचलत होता आणि दुसरी आकडे मोजत होती. मी मान हलवत राहिले. फोन ठेवल्यावर मात्र मला बरं वाटेना, कारण माझे गुडघे ठणठणीत आहेत. जूनमध्ये मी तुमच्याकडे येणार होते आणि आले नाही, त्याचं कारण तुमच्या बाबाने गुडघा असं सांगितलं. खरं कारण सांगायची त्याला लाज वाटली असावी. आपली आई एका फळ्यामुळे गावात अडकली आहे, हे तो कोणत्या तोंडाने सांगणार? तेव्हा मीच सांगते, आणि नीट पहिल्यापासून सांगते, म्हणजे तरी ते व्यायाम थांबतील.

मराठीत लिहिते आहे, आईकडून वाचून घ्या. मला इंग्रजी बरं लिहिता येतं. पण ही गोष्ट मराठीत घडली, आणि इंग्रजीत सांगायला गेले की त्यातली मुलं उगाच शहाणी वाटायला लागतात. ती तशी नाहीत.

आपल्या घरामागच्या चढावर जांभ्या दगडाची शाळा आहे, ती तुम्ही पाहिली आहे. तिथे पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसतात आणि दोन्ही एकाच बाई शिकवतात. या बाई वयाने तुमच्या आत्याएवढ्या. गेल्या दिवाळीनंतर त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "काकू, दुपारी तासभर मुलांना इंग्लिश शिकवाल का?"

मी म्हटलं, "मी जन्मभर मोठ्या मुलांना इंग्रजी शिकवलं. एवढ्या लहानांचं मला काही कळत नाही."

"कळायला नकोय," बाई म्हणाल्या. "तुम्ही नुसत्या येऊन गेलात तरी चालेल. इंग्लिश बोलणारं कोणी शाळेत येतं म्हटलं की आया जरा थांबतात."

थांबतात म्हणजे काय, ते सांगते. सकाळी एक पिवळी बस रत्नागिरीतून निघते, पूर्णगडच्या रस्त्याने वाड्यावाड्यांतून फिरते आणि मुलांना गोळा करून शहरातल्या इंग्लिश शाळेत नेते. दर वर्षी एखादी आई आपलं मूल त्या बसमध्ये बसवते. मग शेजारची बसवते. अशाने एक दिवस बाईंसमोर फक्त बाकं उरतील.

मी गेले. जायच्या आधी पद्धतशीर तयारी केली. चित्रांची कार्डं बनवली, त्यांना कडेने लाल रेघ मारली, A पासून Z पर्यंत लावली आणि रबरबँड घातला. पहिल्या दिवशी ती एकेक वर धरली. मुलं शांत होती. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात एकीने विचारलं, "आजी, ह्यातलं तुमी काय काय खाल्लंय?"

विचारणारी पहिलीतली होती, पुढचे दोन दात पडलेले. या मुलीकडे लक्ष ठेवा, पुढचं सगळं तिनेच केलं आहे.

मी सफरचंद आणि अंडं एवढं कबूल केलं आणि पुढे गेले. बर्फाच्या घराचं कार्ड आलं तेव्हा सगळ्यांनी एकमताने ठरवलं की ही उडवी आहे, म्हणजे भाताच्या पेंढ्यांचा रचलेला ढीग. मी सांगितलं, यात माणसं राहतात.

"उडवीत?"

"हे बर्फ आहे."

"मग दार कशाला ठेवलंय? वारा जाईल ना आत."

उरलेला तास उडवीत कोण राहू शकेल यावर गेला. शेवटी एक धामण, तिची पिल्लं आणि बायकोशी भांडलेला एक शेजारी अशी नावं नक्की झाली. शेजाऱ्याचं नाव मुलांनी घेतलं, मी लिहीत नाही. मी कार्डांना परत रबरबँड लावला.

चित्रकलेचंही तसंच. शाळेच्या रंगपेट्यांतला लाल रंग संपला होता, आणि त्या दिवशी जास्वंद काढायची होती. मी घरून कोकमाच्या आगळाची बाटली नेली. आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस, तुम्ही सोलकढीत पिता तोच. रंग सुरेख आला. मी ब्रश धुवायला नळावर गेले आणि परत आले तर कागद ओले आणि जवळजवळ पांढरे.

"फुलं कुठे गेली?" मी विचारलं.

"संपली."

"कुणी संपवली?"

"ह्यानं माझी पाकळी चाटली," दात पडलेली म्हणाली, "म्हणून मी त्याचं देठ चाटलं."

सगळ्यांच्या जिभा लाल होत्या. बाई दाराशी उभ्या राहून पदर तोंडात कोंबत होत्या. मला राग यायला हवा होता. पण घरी परत येताना माझ्या डोक्यात आलं की ज्या मुलांनी कार्डाकडे ढुंकून पाहिलं नाही, ती कागद मात्र कोपऱ्यापर्यंत बारकाईने तपासत होती.

दुसऱ्या दिवशी मी बाटली आणि काडेपेटी घेऊन गेले. नियम फळ्यावर लिहिले. आधी साबणाने हात धुवायचे. मग तळहात पुढे करायचा. मी काडीने त्यावर आगळाचं अक्षर काढणार. वाचता आलं तर चाटायचं, नाही आलं तर पुसून रांगेच्या शेवटी जायचं. मराठीचं अक्षर एका हातावर, इंग्रजीचं दुसऱ्या. एवढी शिस्तीची रांग मी मोठ्यांच्या शाळेतही पाहिली नाही. मुलं घरून अक्षरं शिकून येऊ लागली. दात पडलेलीला लवकरच साधी अक्षरं पुरेनात.

"आजी, जोडाक्षर लिवा."

"तुला अजून जोडाक्षरं यायची आहेत."

"शिकतंय ना. जोडाक्षराला आगळ जास्त लागतं."

आता गाऱ्हाण्याकडे येते. शिमग्याची सुट्टी संपवून मुलं शाळेत आली ती पालखी खेळतच. मधल्या सुट्टीत एक बाक खांद्यावर घेऊन पटांगणात नाचवत होती. मी खिडकीत उभी होते. बाक खाली ठेवला गेला, सगळी गोल उभी राहिली, आणि दात पडलेली मध्ये येऊन हात जोडून मोठ्याने म्हणाली, "बा देवा म्हाराजा, आज इंग्लिश आजीची कार्डं घरी र्‍हावू देत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाकीची ओरडली.

"तिची पिशवी आगळाच्या बाटलीनं भरून येऊ दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

तुम्ही गावच्या देवळात हे ऐकलं असेल, पण तेव्हा झोपेला आला होतात. गावातलं वडीलधारं माणूस देवापुढे उभं राहून सगळ्यांची दुखणी, मागणी एकेक ओळीत सांगतं. प्रत्येक ओळीनंतर जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ते गाऱ्हाणं. त्याला अशी लय असते की दोनचार ओळींनंतर माणूस ऐकायचं सोडतो. कोणी चप्पल शोधत असतो, कोणी फोन बघत असतो, पण ओळ संपली की तोंडातून व्हय जातंच. आणि सगळ्यांसमोर एकदा व्हय म्हटलं की ते मागे घेत नाहीत. हे कोणी शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं.

मी बाईंना म्हटलं, यापेक्षा चांगला भाषेचा धडा मला सापडायचा नाही. प्रत्येक मुलाने आपली एक तक्रार ठरवायची, आंब्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिचं चित्र काढायचं, खाली एक ओळ लिहायची, आणि एप्रिलमध्ये पालक आले की सगळ्यांनी मिळून गाऱ्हाणं घालायचं.

वर्गात सांगितलं तेव्हा दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "आमच्यात देवाला गाऱ्हाणं नाय घालत." ती बौद्धवाडीतली. बाईंचं घरही तिथलंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी माझ्या पिशवीकडे. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मुलीचं बोलणं संपलं नव्हतं. "फळ्याला घालू," ती म्हणाली. "फळा सगळ्यांचा हाय." वर्गाला ते इतकं पटलं की दोघा जणांनी लगेच उठून फळा ओल्या फडक्याने पुसला, वर पताका लावली आणि त्याचे फळा महाराज झाले.

पुठ्ठे बघायला तुम्ही हवे होतात. एकीने झाकलेलं पातेलं काढलं होतं आणि झाकणाखालून बांगड्याचा डोळा बाहेर बघत होता. ओळ अशी: 'आई म्हणते बांगडे संपले पण एक असतो.' एकाने खाटेवर पडलेले बाबा काढले, हातात मोबाइल, आणि मोबाइलात दोन पैलवान. 'मला अभ्यास कर म्हणतात आणि आपण कुस्ती बघतात.' एकाचं मागणं होतं की बाईंना ताप येऊ दे. बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, "ताप कशाला रे? सर्दीवर भागव की." त्याने थोडा विचार करून ताप खोडला आणि सर्दी लिहिली.

दात पडलेलीने पिवळी बस काढली होती. छान, खिडक्या वगैरे सगळं असलेली. फक्त चाकं चौकोनी.

"चाकं अशी का गं?" मी विचारलं.

"गोल असली की जाते."

मग बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. या मुलीचे वडील मोठ्या बोटीवर खलाशी आहेत, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. त्यांनी फोनवरून सांगितलं होतं की जूनपासून पोरगी शहरातल्या शाळेत घालायची. आईने गणवेशही शिवून आणला होता. त्याचा टाय एकदा शेळीच्या गळ्यात सापडला, पण तो धुऊन इस्त्री करून ठेवला गेला. ही गेली की तिच्या वाडीतल्या आणखी दोघी आपली मुलं काढणार, असं त्यांनी बाईंना सांगून ठेवलं होतं.

मी त्या मुलीला माझ्या शिस्तीचा सल्ला दिला. म्हटलं, आईला सरळ सांग की तुला जायचं नाही.

"सांगितलं. आई म्हणते, मोठी झालीस की कळेल."

"मग?"

"मग मी विचारलं, कधी मोठी होणार? तर म्हणते, गप जेव."

तालमीत तिची ओळ होती, 'पिवळ्या बसचं चाक फुटू दे रे म्हाराजा.' मी हरकत घेतली. त्या बसमध्ये दुसरी मुलं बसतात, त्यांचं वाईट चिंतायचं नाही. तिने लगेच "बरं" म्हटलं आणि बसऐवजी शाळेत घसरगुंडी मागितली. इतकी वर्षं मुलांमध्ये काढलेल्या माझ्यासारखीला त्या 'बरं'चा संशय यायला हवा होता. मला फक्त समाधान वाटलं.

तो दिवस शनिवारचा होता. आया, आज्या, चारदोन बाबा, आणि पुढे खुर्चीवर आबा. आबा म्हणजे देवळात खरं गाऱ्हाणं घालतात ते, पाहुणे म्हणून बोलावलेले. गाऱ्हाण्याला व्हय म्हणणाऱ्यांना मिशा असतात असा मुलांनी नियम काढला होता, म्हणून सगळ्या मुलांना, बाईंना आणि मला कोळशाच्या मिशा काढल्या होत्या. माझी एक बाजू वर गेली होती, ती मला आरशात नीट करू दिली नाही.

आवाज मोठा म्हणून दात पडलेलीला मध्ये उभं केलं होतं. एकेक मूल पुठ्ठा वर धरायचं आणि ती त्याची ओळ लयीत म्हणायची. पहिल्या ओळींना फक्त आम्ही मिशीवाले व्हय म्हणालो. बांगड्याची ओळ आली तेव्हा त्या मुलीच्या आजीने सुनेकडे बघून सर्वांत मोठ्याने व्हय म्हटलं. मग सगळेच म्हणू लागले. कुस्तीच्या ओळीला ते बाबा स्वतःच व्हय म्हणाले आणि मग कानाला हात लावून खाली बघत बसले. स्वतःच्या सर्दीलाही बाईंनी व्हय म्हटलं. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घसरगुंडी झाली, व्हय झालं. मी टाळ्या वाजवायला हात वर केले.

ती थांबली नाही.

"बा फळ्या म्हाराजा," त्याच लयीत, न अडखळता, "आज तुज्या पुढ्यात आयाबाया, बापयमाणसं हुभी हायत, त्यांना सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"त्यांच्या गाईगुरांना, कोंबड्यांना, बोटीवर गेलेल्या माणसांना सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि माज्या आईनं मला पिवळ्या बसमधी न घालता ह्याच शाळेत दुसरीला ठेवायचं कबूल केलंय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळे म्हणाले. मी म्हटलं, बाईंनी म्हटलं, आबांनी म्हटलं. तिची आई दुसऱ्या रांगेत पदराने डोळे पुसत होती, तिचा आवाज तर खणखणीत होता. मग हसणं एका बाजूने थांबत थांबत दुसऱ्या बाजूला गेलं. आईचा पदर डोळ्यांपाशीच राहिला.

"मी काय म्हटलं?" तिने शेजारणीला विचारलं.

"व्हय म्हटलंस."

"सगळ्यांबरोबर म्हटलं मी."

"सगळ्यांबरोबरच म्हणतात ते."

ती उठून आबांसमोर गेली. "आबा, तो फळा हाय. देव नाय."

आबांनी फळ्याकडे पाहिलं. घाई केली नाही. "फळा हाय खरा," ते म्हणाले. "पण फळा काय बोलला नाय, बाय. बोललीस तू."

मग ती बाईंकडे वळली. "बाई, हे तुमी शिकवलंत?"

"नाही हो, शपथ," बाई म्हणाल्या. मिशी असल्यामुळे ते पटण्यासारखं दिसत नव्हतं.

"काकू, तुमी?"

"मीही नाही."

"मग तुमी कशाला व्हय म्हटलंत?"

मी तळहाताने माझी मिशी पुसायला लागले.

तिने मुलीचं मनगट धरलं आणि घरी नेलं. मुलगी रडली नाही, पण तिची मिशी खाली आली होती. सोमवारी ती शाळेत आली नाही, मंगळवारीही नाही. बाई दर थोड्या वेळाने दाराकडे बघत होत्या. आदल्या शनिवारी आम्ही जे हसलो ते आता जड जात होतं. पोरीने आपलं होतं नव्हतं ते त्या एका ओळीवर लावलं होतं.

मग एका संध्याकाळी तिची आई मुलीला घेऊन आपल्या पडवीत आली. बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "काकू, मला काय हौस नाय पोरीला त्या बसमधनं धाडायची. ह्यांचं इंग्लिश कमी पडतं म्हणून ह्यांना बोटीवर वरची जागा देत नाहीत. मागून आलेली पोरं वर जातात. पोरीचं तसं व्हायला नको, एवढंच."

ती बरोबर होती. मला स्वतःला सगळं इंग्रजीतून मिळालं, तेव्हा तिला इंग्रजी कशाला हवं असं सांगणं मला शोभलं नसतं.

"काल ह्यांचा फोन आला," ती पुढे म्हणाली. "मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, तू व्हय म्हणालीस? सगळ्यांसमोर? मी म्हटलं, अवो, तो फळा होता. तर म्हणतात, ते मला नको सांगू, आबांना सांग. म्हटलं, आबांना सांगून झालं. मग आपलेच हसायला लागले. बोटीवर हसतायत नि मी हितं."

"मग काय ठरलं?"

"ठेवते. पण इंग्लिश तुमी शिकवायचं. रोज. जूनपासून. मधेच परदेशी गेलात तर माझं व्हय मी परत घेतलं."

"व्हय परत घेता येतं का?" मी विचारलं.

"फळ्याला घातलेलं येतं," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे थोडी हसली.

जूनला अजून अवकाश होता, तरी माझी बॅग अर्धी भरलेली होती. तुमच्यासाठी घेतलेली आंबापोळी, फणसपोळी तिच्यात सर्वांत खाली होती. मी बॅगेचा विचार केला, तुमचा केला आणि म्हटलं, "बरं."

आईच्या मागून आवाज आला, "आजी, बरं नाय. नीट म्हणा."

मी नीट म्हटलं. व्हय म्हाराजा, असं पूर्ण. मग तुमच्या बाबाला फोन केला. तो म्हणाला, "मुलांना मी गुडघा सांगतो."

तेव्हा गुडघा तो असा. आता दिवाळीच्या सुट्टीत येईन, मुलीच्या आईची परवानगी काढली आहे. पावसात सगळे पुठ्ठे मऊ पडले, बांगड्याला मुंग्या लागल्या. कार्डं कपाटात आहेत, रबरबँड चिकटून तुटला. वाडीतल्या त्या दोघींपैकी एकीने मुलगा शहरात घातलाच, दुसरीने ठेवला. शनिवारी शेवटच्या तासाला फळ्याला गाऱ्हाणं अजून घालतात. आया येतात, पण आता ओळ पूर्ण ऐकून घेतात आणि मगच व्हय म्हणतात. ती मुलगी दुसरीत आहे, याच शाळेत, आणि तिचे पुढचे दात आले आहेत.